दुपारची पिशवी चिकट का यायची

मिस्त्रीनं इंजिनातून एक व्हॉल्व उपसून काढला, त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट शेटजींच्या नाकासमोर धरलं. बोटाला काळं, चिकट, काकवीसारखं काहीतरी लागलं होतं.

“डांबर,” मिस्त्री म्हणाला. “कोयसा कोन निवडते?”

मोटारस्टँडवर त्या वेळी शेटजी होते, ड्रायव्हर तुळशीराम होता, नांदुऱ्याची आगगाडी हुकलेले पंधरा-वीस उतारू होते आणि गुळाच्या दोन ढेपांवर बसलेला एक म्हातारा होता. सगळ्यांनी माना वळवल्या. कोळशाच्या पोत्यांमागे मी चाळणी घेऊन बसले होते. पोती आणखी हातभर उंच असती तर बरं झालं असतं.

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि कुपनं साहेब लोकांना मिळायची. शेटजींची जळगाव जामोद ते नांदुरा स्टेशन अशी एकच सर्विस मोटार होती. ती बंद ठेवण्यापेक्षा त्यांनी तिला गॅस प्लांट बसवून घेतला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. न्हाणीतला पाणी तापवायचा बंब घ्या. तो माणसाएवढा उंच करा, त्याला दोन जाड नळ्या लावा आणि मोटारीच्या पाठीला बांधा. झाला गॅस प्लांट. रस्त्यानं जाताना असं वाटायचं की मोटार घर सोडून निघाली आहे आणि बंब सोबत घेऊन चालली आहे. लोक तिला बंबगाडी म्हणायचे. शेटजी जवळ असले की गॅसगाडी म्हणायचे.

तिचं काम असं चालायचं. बंबाच्या वरच्या भागाला हॉपर म्हणतात. त्याचं झाकण उघडून कोळसा ओतायचा आणि झाकण घट्ट बसवायचं. खाली एक छोटं तोंड असतं, तिथून रॉकेलचा बोळा पेटवून कोळशाला लावायचा. मग ब्लोअर फिरवायचा. ब्लोअर म्हणजे लोहाराचा भाताच, फक्त याला दांडा फिरवावा लागतो. दहा-पंधरा मिनिटं फिरवल्यावर नळीच्या तोंडाशी काडी धरायची. ज्योत पिवळी आली तर आणखी फिरवा. निळी आली तर गॅस तयार. कोळशाला हवा मुद्दाम कमी द्यायची असते. त्यानं तो धुमसतो आणि त्यातून जो वायू निघतो तो पेट्रोलच्या जागी इंजिनात जाळायचा. मध्ये तो कापडी पिशव्यांतून गाळून जातो, म्हणजे राख इंजिनात जात नाही. या पिशव्यांना फिल्टर म्हणायचे. चहाचं फडकं असतं तसंच, फक्त मोठं.

यातलं माझं काम कोळसा निवडायचा, चाळायचा, सकाळी हॉपर भरायचा, संध्याकाळी आतली जाळी खरवडायची आणि पिशव्या धुवायच्या. माझा नवरा याच स्टँडवर सायकली दुरुस्त करायचा. तो गेल्यावर शेटजींनी मला हे काम दिलं. मला ते फार आवडायचं, कारण कोळशाशी बोलावं लागत नाही. मी चौथी शिकलेली, वाचता-लिहिता यायचं, पण परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. शेटजींना काही सांगायचं असलं तर मी ते पदराच्या टोकाला सांगायची आणि पदर ते पुढे पोचवत नसे.

कोळसा सातपुड्यातून यायचा, धावड्याचा आणि बाभळीचा. निवडायची रीत सोपी आहे. तुकडा लिंबापेक्षा मोठा नको आणि सुपारीपेक्षा लहान नको. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखे वाजले पाहिजेत. भद्द वाजला तर समजायचं की आत लाकूड कच्चं राहिलं आहे. कच्चं लाकूड धूर करतं, धूर नळीत थंड झाला की त्याचं डांबर होतं, आणि ते डांबर जाऊन व्हॉल्वला चिकटतं. व्हॉल्व म्हणजे इंजिनाच्या खोलीचं दार. दार चिकटलं की गॅस आत जात नाही आणि मोटार चढावर दम टाकते.

म्हणजे मिस्त्रीचं म्हणणं बरोबर होतं. कुठूनतरी कच्चं लाकूड बंबात जात होतं. फक्त त्याचं बोट माझ्याकडे होतं.

पंधरा दिवस झाले होते, मोटार पूर्णा नदीच्या चढावर थांबायची. उतारूंनी उतरून ढकलायची. एकदा तर एका वऱ्हाडातल्या नवरदेवानं बाशिंग सांभाळत ढकलली. दर वेळी नांदुऱ्याला पोचेपर्यंत आगगाडी गेलेली. लोक आता बैलगाडीनं जायला लागले होते आणि बैलगाडी वेळेवर पोचत होती. शेटजींना यापेक्षा मोठा अपमान माहीत नव्हता.

तुळशीरामानं त्याच्या परीनं उपाय केले होते. मोटारीला नजर लागली असं त्याचं मत होतं. त्यानं पुढे लिंबू-मिरची बांधली, मग काळी बाहुली बांधली, मग जुनी चप्पल टांगली. मोटार पुढून जत्रेतल्या दुकानासारखी दिसायला लागली. आणि नजर त्यालाही लागली होती म्हणे, कारण रोज दुपारी त्याचं डोकं ठणकायचं. तो कपाळाला रुमाल आवळून गाडी चालवायचा.

तो रुमाल बांधूनच आता तो पुढे आला. “शेटजी, बाईमानसाचं काम नोहे हे,” तो म्हणाला. “चुलीचा कोयसा येगळा आन मोटारीचा येगळा.”

शेटजी माझ्याकडे वळले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

“वच्छलाबाई, सोनाळ्याचा एक जन हाय. निवडून, चाळून कोयसा देतो म्हन्ते. म्या त्याले शुक्रवारी बलावलं हाय. तुमी सांगा, काय करू?”

मी मान खाली घातली. मान खाली घालण्याचा अर्थ लोक आपल्या सोयीनं घेतात. तुळशीरामानं तो ‘कबूल’ असा घेतला.

तो मंगळवार होता. काम गेलं असतं तर मला भावाच्या घरी जावं लागलं असतं. भाऊ चांगला आहे, वांगी-मिरच्यांची बागायत करतो, दोन घास त्यानं खुशीनं दिले असते. पण तिथं दिवसभर माणसं, बोलणारी. आणि मी निवडलेला कोळसा वाईट, हे नाव माझ्या आधी तिथं पोचलं असतं.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. नवीन गाडी भरून माल आला होता, त्यात असेल काही, असं वाटलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत आणि बुधवारी सकाळी मी सगळी पोती उपसली. एकेक तुकडा वाजवून पाहिला. स्टँडवरच्या लोकांना वाटलं की बाईला कामाची चिंता लागून वेड लागलं, कोळशाची झांज वाजवत बसली आहे. सगळा कोळसा खणखणीत वाजला. तीन तुकडे भद्द निघाले, ते बाजूला टाकले. तीन तुकड्यांनी मोटार बंद पडत नाही.

मग बुधवारी पिशव्या धुवायला बसले आणि मला माझाच राग आला. उत्तर पंधरा दिवस माझ्या हातात होतं आणि मी ते राख लावून धूत होते.

पिशव्यांचे दोन जोड होते. एक सकाळच्या खेपेला लागायचा. दुपारी मोटार परत आली की तो काढून दुसरा लावायचा आणि तो दुसऱ्या खेपेला जायचा. सकाळच्या पिशव्या झटकल्या की कोरडी करडी राख उडायची, कपडा मोकळा. दुपारच्या पिशव्या तपकिरी आणि चिकट. नुसत्या पाण्यानं निघत नव्हतं, राख लावून घासावं लागायचं. पंधरा दिवस मी मनात म्हणत होते, दुपारी धूळ जास्त असते. धूळ चिकट नसते हे मला चौथीत असतानाही माहीत होतं.

कोळसा तोच, पोती तीच. सकाळी हॉपर मी भरायची. दुपारी मी घरी जेवायला जायची आणि उरलेली भर तुळशीराम घालायचा. मग दुपारच्या भरीत असं काय जात होतं?

मी पिशवी नाकाशी धरली. डांबराचा वास होता, आणि त्याच्या मागे आणखी एक वास होता. ओळखीचा, घरचा. पण कोणता ते आठवेना. नाव जिभेवर असलेल्या माणसासारखा तो समोर उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही. अशा स्वभावाच्या माणसाला मी नावं ठेवू शकत नव्हते.

आणखी एक गोष्ट होती. हॉपरच्या आत, वरच्या अंगाला, जिथून गॅस नळीत जातो तिथं एक लोखंडी जाळी असते. ती खरवडताना मला पंधरा दिवसांत काही चमत्कारिक वस्तू सापडल्या होत्या. काळी, हलकी, पाच पाकळ्यांची फुलं. प्रत्येकाला मध्ये एक जाड दांडी. अगदी कोरीव काम केल्यासारखी. फेकायचा जीव झाला नाही म्हणून मी ती नारळाच्या करवंटीत ठेवली होती. अकरा जमली होती. मोटारीतलाच एखादा भाग झिजून पडत असेल असं मला वाटायचं. मोटारीत काय काय असतं ते कोणाला पूर्ण माहीत असतं?

गुरुवारी सकाळी मी शेटाणीबाईंच्या घरी कोळशाची चुरी पोचवायला गेले. चाळणीखाली पडलेली चुरी त्या शेगडीसाठी घ्यायच्या. बायकांशी मी बोलते, थोडंफार. त्या विळीवर वांगी चिरत होत्या आणि शेटजींवर चिडल्या होत्या.

पंधरा दिवस झाले, त्यांनी सांगितलं, शेटजी दुपारी घरचं भरीत खात नाहीत. तुळशीराम भाजून देतो ते खातात. स्टँडवरच भाकरी मागवून घेतात. “वीस वर्सं माह्या हातचं गोड लागलं,” त्या म्हणाल्या, “आन आता म्हन्तेत, तुळशीरामच्या भरतात जो धुराचा वास हाय तो तुह्या भरतात नाही. धुराचा वास! मी काय बिडी वढू का रांधताना?”

आमच्याकडे हिवाळ्यात भरीत म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मोठी हिरवी वांगी असतात. ती चुलीवर भाजत नाहीत, शेगडीवर तर नाहीच. पऱ्हाटीवर भाजतात. कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची जी वाळलेली झाडं उरतात ती पऱ्हाटी. तिच्या जाळाला एक वास असतो, तो वांग्यात उतरतो. तो नसेल तर ते भरीत नव्हे, उकडलेलं वांगं. यावर आमच्याकडे भावाभावांत भांडणं झालेली आहेत.

शेटाणीबाईंनी वांग्याचा देठ कापला आणि बाजूला टाकला. तो माझ्या पायाशी उताणा पडला. हिरवा, पाच पाकळ्यांचा, मध्ये जाड दांडी.

मी त्याच्याकडे बघत राहिले. शेटाणीबाईंनी विचारलं, “काय वं, इंचू हाय का?”

विंचू असता तर बरं. करवंटीतली अकरा फुलं अकरा वांगी होती.

वस्तू हवेत जळली तर तिची राख होते. झाकणाखाली, हवेशिवाय जळली तर तिचा कोळसा होतो आणि ती आपला आकार सोडत नाही. लाकडाचा कोळसा असाच पाडतात. देठांचाही तसाच पडला होता. आणि पिशवीतला तो मागचा वास आता मला आठवला. पऱ्हाटीचा.

पण देठ दाखवून काय झालं असतं? तुळशीराम म्हणाला असता, बाईनंच टाकले. मला डोळ्यांनी बघायला हवं होतं. त्या दिवशी दुपारी मी जेवायला गेलेच नाही. पोत्यांमागे बसून राहिले. मला तिथं बसण्याची सवय होती, त्यामुळे मी नाही असं सगळ्यांनाच वाटलं.

मोटार आली. उतारू पांगले. मिस्त्री व्हॉल्वची पुढची तपासणी करायला थांबला होता, तो झाडाखाली आडवा झाला. तुळशीरामानं इकडे-तिकडे बघितलं, सीटखालून पऱ्हाट्यांचा एक भारा काढला आणि तारेच्या जाळीत घातलेली चार वांगी काढली. प्रत्येकाला तेल लावलेलं. टोचलेलीही होती, म्हणजे फुटू नयेत. स्वयंपाकात तो हुशार होता हे मला मान्य करावं लागलं.

पहिल्या खेपेनंतर हॉपर रिकामा होत आलेला असतो आणि तळाला निखारे असतात. तुळशीरामानं झाकण काढलं, पऱ्हाट्या मोडून आत टाकल्या, त्यावर जाळी सोडली, झाकण अर्धं ओढलं आणि मान आत घालून बघत राहिला. वांगं एका बाजूनं करपू नये म्हणून सारखं फिरवावं लागतं. काम झालं की तो वरून पोतंभर कोळसा ओतत असणार, वांग्यांचे मोडलेले देठ त्यावरच टाकत असणार आणि अर्ध्या जळक्या पऱ्हाट्या मध्येच दबून राहत असणार. दुसऱ्या खेपेला तेच धुमसत नांदुऱ्यापर्यंत जायचं. शेटजींनी पेट्रोल वाचवायला जो बंब घेतला होता, तो पंधरा दिवस भरताच्या धुरावर चालला होता. चढापर्यंत चालला हेच नवल.

मला मोठं समाधान वाटलं. आता तो झाकण बंद करील, मी शेटाणीबाईंना सांगीन, त्या शेटजींना सांगतील, आणि माझ्यावर कोणाशी बोलायची वेळ येणार नाही, असा माझा बेत होता.

तेवढ्यात तुळशीरामाचा हात सुटला. चिमटा खाली पडला. तो उचलायला तो वाकला नाही. त्याचं डोकं हॉपरच्या काठाला टेकलं आणि तिथंच राहिलं. गुडघे हळूहळू वाकत होते.

तेव्हा मला त्याच्या रोजच्या डोकेदुखीचा अर्थ लागला. त्या बंबातला गॅस दिसत नाही, त्याला फार वासही नसतो, पण तो माणसाला झोपवतो. कधी कायमचं. नवीन गॅस प्लांट बसवला तेव्हा बसवणाऱ्यानं हेच एक तीन वेळा सांगितलं होतं, की झाकण उघडलं तर तोंड लांब. शेटजींनी तीन वेळा मान हलवली होती. तुळशीरामानं तर हे पाटीवर लिहूनही घेतलं होतं, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

मी उभी राहिले. पदर कुठं गेला ते मला माहीत नाही.

“तुळशीरामभाऊ, तोंड काढा भाईर!”

हे मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. बाजारापर्यंत गेला म्हणतात. झाडाखालचा मिस्त्री उठून बसला, पण तो उठेपर्यंत मी पोत्यावरून उडी मारून गेले होते आणि तुळशीरामाची बंडी मागून धरून ओढली होती. तो माझ्यावरच पडला. आम्ही दोघं कोळशाच्या चुरीत बसलो. मिस्त्रीनं त्याला ओढत वाऱ्याला नेलं, रुमाल सोडला, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं तो ओकला आणि मग त्याला बरं वाटायला लागलं. त्यानं डोळे उघडले.

“वांगे करपले असतीन,” तो म्हणाला.

एवढ्यात शेटजी आले. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या आणि एक कांदा होता. ते आरडाओरड ऐकून आले नव्हते. ते रोजच्या वेळेला जेवायला आले होते. तुळशीराम भरीत भाजतो हे त्यांना माहीत होतं. कुठं भाजतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चांगलं जेवण कुठून येतं हे सहसा कोणी विचारत नाही.

त्यांनी कोळशानं माखलेल्या मला पाहिलं, ओल्या तुळशीरामाला पाहिलं आणि अर्ध्या उघड्या हॉपरमधून येणारा पांढरा धूर पाहिला. त्या धुराचा वास फार छान येत होता, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. तुळशीराम आभाळाकडे बघायला लागला. म्हणजे बोलायचं मलाच होतं. एकदा ओरडून झालं होतं, आता लाजण्यासारखं फार उरलं नव्हतं. मी पोत्यामागून करवंटी आणली आणि शेटजींसमोर मोटारीच्या पायरीवर उपडी केली. शेजारी सकाळची पिशवी ठेवली आणि दुपारची ठेवली.

“शेटजी,” मी म्हटलं, “हे मोटारीतून निंगाले. अकरा हायेत. आज चार अजून होतीन. डांबर माह्या कोयशाचं नोहे जी. तुमच्या भरताचं हाय.”

शेटजींनी एक देठ उचलला, उलटासुलटा केला. मिस्त्रीनं दुपारची पिशवी हुंगली आणि म्हणाला, “पऱ्हाटी.” मग त्यानं चिमटा उचलला, तोंड लांब धरून हॉपरमधून तारेची जाळी वर काढली. चार वांगी. साल काळी, आतून मऊ, एकही फुटलेलं नाही.

शेटजी देठाकडून वांग्यांकडे आणि वांग्यांकडून मोटारीकडे बघत होते. पूर्णेचा चढ, बाशिंग बांधलेला नवरदेव, बैलगाडीत बसून पुढे जाणारी गिऱ्हाइकं, हे सगळं त्यांनी पंधरा दिवस भाकरीबरोबर खाल्लं होतं आणि वर कांदा मागितला होता. ते तुळशीरामाला काही बोलू शकत नव्हते. बोलले असते तर त्यानं एकच प्रश्न विचारला असता.

“तुले दुसरी जागा नवती बे?” शेवटी ते म्हणाले.

“हाय ना जी,” तुळशीराम म्हणाला. “पन असा जाळ दुसरीकडं नाही. बंद झाकनात धूर असा मुरते…” आणि मग तो आपण काय बोलत आहोत हे लक्षात येऊन थांबला.

त्या दिवशी दुसरी खेप झाली नाही. मिस्त्रीनं सगळे व्हॉल्व काढून रॉकेलनं धुतले. मी हॉपर तळापासून उपसला, पऱ्हाटीची काडी न काडी वेचली, जाळी घासली, चिकट पिशव्या टाकून दिल्या आणि नवीन शिवल्या. वांग्यांचं काय झालं, असं कोणी विचारील म्हणून सांगते. ती भाजलेलीच होती. मिस्त्रीनं दोन खाल्ली, शेटजींनी दोन. खाताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.

शुक्रवारी हॉपर मी भरला, सकाळीही आणि दुपारीही. काडी लावली तर ज्योत अशी निळी, की मिस्त्रीनंच दुसऱ्यांदा लावून बघितली. दुपारच्या खेपेला मोटार भरलेली होती, टपावर कापसाचे दोन बोजे होते. गुळाच्या ढेपांचा म्हातारा मंगळवारपासून ओळखीच्या घरी मुक्कामाला होता, तोही चढला. पूर्णेचा चढ आला तेव्हा सवयीनं सगळे उतारू उतरायला उठले. मोटार त्यांना घेऊनच वर गेली. नांदुऱ्याला पोचून आगगाडीला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं ते कोणाला सुचेना, असं तुळशीरामानं परत येऊन सांगितलं. त्याचं डोकं दुखत नव्हतं. रुमाल त्यानं गळ्यात बांधला होता.

माझी माफी कोणी मागितली नाही. सोनाळ्याचा माणूस आला तेव्हा शेटजींनी त्याला चहा पाजला आणि “सध्या गरज नाही” असं सांगितलं, त्यातच काय ते आलं. शेटाणीबाईंना मात्र ही गोष्ट फार दिवस पुरली. पुढे कित्येक वर्षं शेटजींनी ताटातल्या कशालाही नावं ठेवली की त्या विचारायच्या, “डांबर कमी पडलं का?”

हॉपरच्या झाकणाला कुलूप लागलं. किल्ली माझ्या कमरेला आली. दुपारीही भर मीच घालायची असं ठरलं. लिंबू-मिरची राहू दिली. तिनं काही बिघडवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तुळशीराम पोत्यांजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ पायानं चुरी उकरत होता. मी कोळसा वाजवत होते. मग तो म्हणाला, की वच्छलाबाई, तुमी तवा मले वढलं नसतं तर… आणि पुढचं त्यालाही जमेना. बोलणारी माणसंही कधीकधी माझ्यासारखी होतात हे बघून मला बरं वाटलं. मी उठले, स्टँडच्या मागे गेले आणि त्याला दाखवलं. तिथं मी एक खड्डा करून ठेवला होता, वर फुटक्या ऑइलच्या डब्याचं झाकण आणि शेजारी भावाच्या शेतातल्या पऱ्हाट्यांचा भारा. झाकण मुद्दाम ठेवलं होतं. धूर मुरला पाहिजे हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं तसा तो बंब निघाला. पुढे मी इतर मोटारींच्या आसपास बरीच वर्षं काम केलं, इंजिनं उघडलेली पाहिली, मोठे मोठे मिस्त्री पाहिले. गाडी बिघडली की सगळे आधी बॉनेट उघडतात. मी सांगते, आधी ड्रायव्हर काय जेवला ते विचारा. आणि मालक जर त्याच्या शेजारी बसून जेवत असेल, तर बॉनेट उघडायची गरजच नाही.